स्कूटरचा बेल्ट १९ हजारांतच तुटला! पुस्तकात २४ हजार लिहिलंय. तुमचा किती चालला?

चोडणकर · १४ जुलै, रात्री १०.४०

मंडळी, आज फेरीबोटीवर शोभा झाली.

रायबंदरहून संध्याकाळची फेरी धरली. ओहोटी होती, त्यामुळे चोडणच्या धक्क्याला चढ नेहमीपेक्षा उभा. मागे बायको, तिच्या मांडीवर दळण, माझ्या पायाशी चार नारळ. फेरीची फळी पडली, पुढच्या दोन गाड्या गेल्या, मी रेस दिली आणि फट्ट! इंजिन बोंबलतंय, चाक ढिम्म. वरून गाडी मागे घसरायला लागली. मागचा ओम्नीवाला हॉर्नवर हात ठेवूनच उभा. शेवटी फेरीवरच्या दोघांनी ढकलून वर काढलं. बायको एक शब्द बोलली नाही. तेच जास्त वाईट.

गाडी ११० सीसी गिअरलेस, सहा वर्षं जुनी, १९,२०० किमी. गाडीच्या पुस्तकात बेल्ट २४,००० ला बदला असं स्वच्छ छापलंय. मे महिन्यात सर्व्हिसिंग केलं तेव्हा जॉब कार्डावर ‘बेल्ट चेक्ड ओके’ लिहून दिलं होतं (सर्व्हिस सेंटरचं नाव लिहीत नाही, रोज तिथूनच जायचं असतं). मग पाच हजार किमी आधी कसा तुटला? तुम्ही लोक कधी बदलता?

गरम_उंडो · १४ जुलै, रात्री १०.५२

वहिनी बोलल्या नाहीत म्हणजे बिल वेगळं येणार. बेल्टपेक्षा जास्त.

माझा २७ हजारला बदलला, तोही मेकॅनिक म्हणाला म्हणून. जुना बघितला तर ठीकच दिसत होता. नशीब हो, दुसरं काय.

रेंटचा_हिशोब · १४ जुलै, रात्री ११.३०

नशीब नाही रे उंडो. माझ्या कळंगुटला भाड्याच्या गाड्या आहेत, काळ्या पाटीवर पिवळे आकडे. मी २४ हजारची वाट बघतच नाही. १५-१६ हजारला काढतो, मग तो कसा का दिसेना.

कारण सांगतो. पाहुणा शापोऱ्याचा किल्ला बघायला जातो. चढावर गर्दी असते. हा ब्रेक धरत नाही, अर्धी रेस देऊन गाडी चढावर तशीच उभी धरतो. मागे दुसरा, पाठीवर बॅगा. क्लच घासतोय, बेल्ट तापतोय, दोन मिनिटं, चार मिनिटं, वास आला तरी याला कळत नाही. असं दिवसातून चार वेळा. मीटरवर किलोमीटर किती पडले? शून्य!

किलोमीटरवर हिशोब करायचा तर सपाट रस्त्यावर एकटा जाणाऱ्याने करावा. तुझी गाडी रोज दोनदा फेरीचा चढ चढते, तेही डबल सीट. आणि सहा वर्षं म्हणजे रबराचं वयही झालं.

अजून एक. बेल्टच्या कव्हरला थंड हवा आत घेणारी नळी असते, ती बघ. माझ्या एका गाडीत कुंभारीण माशीने त्या तोंडाशी मातीचं घर बांधलं होतं. पावसाळ्यात चार महिने उभी होती, तेवढ्यात. कव्हर उघडलं तर बेल्ट बिस्किटासारखा कडक.

निवृत्त_पाना · १५ जुलै, सकाळी ६.१५

चोडणकर, तुटलेला बेल्ट फेकला नाहीस ना? फेकला असशील तर कचऱ्यातून काढ. बेल्ट कशाने मेला ते तोच सांगतो.

मी कदंबच्या वर्कशॉपात आयुष्य घालवलं. बस वेगळी, स्कूटर वेगळी, पण रबर एकच. बघायचं काय ते लिहितो.

आतल्या बाजूला खाचा असतात. बेल्ट उलटा वाकवून त्या खाचांच्या तळाशी बघ. तिथे आडव्या चिरा असतील तर वय आणि उष्णता. दोन्ही कडा, म्हणजे पुलीला टेकतात त्या तिरक्या बाजू, आरशासारख्या चकचकीत असतील तर बेल्ट घसरत होता. एकच कड जास्त खाल्लेली असेल तर पुलीत गडबड. कडेचे दोरे पिंजारून बाहेर आले असतील तर काहीतरी घासतंय. आणि रबर मऊ, फुगल्यासारखं, बोटाला चिकटणारं असेल तर मला ताबडतोब सांग.

मग व्हर्नियरने रुंदी मोज. नवा किती आणि किमान किती चालतो हे दोन्ही आकडे सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतात, गाडीगणिक वेगळे. कव्हर उघडून लांबून बघितलं आणि ‘ओके’ लिहिलं, याला चेक करणं म्हणत नाहीत.

नवखा_स्वार · १५ जुलै, सकाळी ९.०५

काका, मूर्ख प्रश्न. बाईकला चेन असते ती दिसते तरी. स्कूटरमध्ये हा बेल्ट नक्की करतो काय? आणि रुंदी कमी झाली तर बिघडतं काय, लांबी तर तीच ना?

निवृत्त_पाना · १५ जुलै, दुपारी १.४०

मूर्ख कसला, हाच प्रश्न विचारायला हवा.

पुढची पुली म्हणजे समोरासमोर दोन उतरत्या ताटल्या. मधे व्हीच्या आकाराची खाच, खाचेत बेल्ट. एका ताटलीच्या पाठीमागे सहा रोलर. इंजिन जोरात फिरलं की रोलर बाहेर फेकले जातात, ताटली ढकलतात, खाच अरुंद होते आणि बेल्ट वर, कडेकडे चढतो. बेल्टची लांबी तीच राहते, त्यामुळे मागच्या पुलीत तो स्प्रिंगला दाबत आत खोल जातो. पुढे मोठं वर्तुळ, मागे लहान, म्हणजे टॉप गिअर. रेस सोडली की उलट. यालाच वेरिएटर म्हणतात.

आता बेल्ट कडेने झिजून अरुंद झाला तर तो खाचेत खोल बसतो. पुढच्या पुलीच्या अगदी कडेपर्यंत पोचतच नाही. इंजिन तितकंच ओरडतं, पण गाडी पूर्वी ७५ जायची ती ६५ वर अडते. लोक कार्बोरेटर साफ करत बसतात. रोलर एका बाजूने चपटे झाले तरी साधारण हेच होतं, म्हणून बेल्ट काढला की रोलर हातात घेऊन फिरवून बघायचे.

अवांतर: ही युक्ती डच माणसाची, व्हान डोर्नची. १९५८ साली त्याने डाफ नावाच्या छोट्या कारमध्ये असा बेल्ट बसवून दाखवला. तिला रिव्हर्समध्येही पुढच्याइतकाच वेग मिळायचा, म्हणून हॉलंडमध्ये नंतर उलट्या गाड्यांच्या शर्यती लागत. आपल्याकडे ही भानगड १९८४ मध्ये आलेल्या कायनेटिक होंडाने घरोघरी पोचवली. तेव्हा आम्ही मेकॅनिक लोक हसायचो, ‘शिलाई मशीनचा पट्टा लावलाय’ म्हणून. पुढे तोच पट्टा सगळ्यांच्या डोक्यावर बसला.

चोडणकर · १५ जुलै, रात्री ९.२०

काका, बेल्ट मिळाला. गाडी रायबंदरच्या ओळखीच्या गॅरेजात दिली होती, त्याने नवा टाकून दिला आणि जुना पिशवीत घालून डिकीत ठेवला. बेल्ट कसला, शेवयाच आहेत. दोन जागी तुटलाय, दोरे सगळे बाहेर. खाचांच्या तळाशी चिरा आहेत, दिसतात. रुंदी मोजण्यासारखा तुकडाच शिल्लक नाही. हात एवढे काळे झाले की दोनदा साबण लावूनही जाईना, शेवटी खोबरेल चोळलं.

म्हणजे वय आणि उष्णता, बरोबर ना? नवा बेल्ट हजाराच्या आत पडला, मजुरीसकट बाराशे. गाडी मस्त चालतेय. धागा माझ्यापुरता मिटला म्हणायला हरकत नाही.

निवृत्त_पाना · १६ जुलै, सकाळी ६.३०

चिरा आहेत म्हणजे वय. ठीक. रोलर बदलले का ते गॅरेजवाल्याला विचार.

दोन_सिलिंडर · १६ जुलै, सकाळी ११.१०

धागा मिटवू नका, मोटरसायकलवाल्यांनाही बोलू द्या.

माझ्याकडे हार्लेची स्ट्रीट ७५० आहे, २०१६ ची, मडगाव–काणकोण रोजचं. ५१ हजार झाले, बेल्ट कंपनीतून आला तोच. पण हा बेल्ट आणि चोडणकरांचा बेल्ट ही चुलत भावंडंसुद्धा नाहीत. त्यांचा व्ही-बेल्ट, पुलीच्या भिंतींना चिकटून घर्षणावर चालणारा. घसरणं हा त्याचा जन्माचा धोका. माझा दातेरी, चेनसारखा खाचेत बसणारा, आत न ताणणारे दोरे. तो घसरत नाही, त्याचं आयुष्य नीट सांभाळलं तर लाखाच्या घरात जातं. अगदी सुरुवातीच्या हार्लेंना चामड्याचा पट्टा होता, मग कित्येक दशकं चेन आली, आणि १९८० च्या स्टर्जिसपासून बेल्ट परत आला.

हा बेल्ट झिजून मरत नाही, अपघाताने मरतो. त्याचा आपल्याकडचा शत्रू म्हणजे खडी. दोन वर्षांपूर्वी रुंदीकरणाच्या कामाजवळ लाल खडीवरून गेलो, टक्क आवाज झाला. घरी येऊन टॉर्च लावला तर बेल्टच्या मधोमध मटाराएवढं आरपार भोक. खडा बेल्ट आणि पुलीच्या मधे सापडला होता. माझा जीवच गेला, कारण या बेल्टची किंमत आणि माझा पगार एकमेकांना ओळखतात.

मॅन्युअल काढलं. त्यात तक्ताच आहे. खड्याचं भोक मधे असेल तर चालवा पण नजर ठेवा, कडेला असेल तर बदला. दाताच्या आत केसासारखी चीर असेल तर नजर ठेवा, बाहेरून दिसणारी चीर असेल तर बदला. दात गळाला, किंवा आकड्यासारखा वाकडा झिजला, तर बदला. कडेचे धागे थोडे पिंजारले तर घाबरू नका. त्या भोकासकट ९,००० किमी झाले, भोक होतं तेवढंच आहे.

गरम_उंडो · १६ जुलै, सकाळी ११.२५

पगाराला ओळखतात 😂 वाचनखूण साठवली.

मग पुली? चेन बदलताना स्प्रॉकेटही बदलतो आपण.

दोन_सिलिंडर · १६ जुलै, दुपारी ३.००

चांगला मुद्दा. पुलीवर क्रोमचा थर असतो. तो गेला की पुली कानशीसारखी बेल्ट खाते. तपासायला टोकदार सुई घ्या, दोन दातांमधल्या खाचेत मध्यम जोराने ओढा. नुसती सरकली तर थर आहे. रुतली, ओरखडा उठला, तर पुली गेली. नुसता बेल्ट बदलण्यात अर्थ नाही.

ताण बघताना मी ४.५ किलोचा दाब देऊन खालची बाजू मधोमध किती वर जाते ते मोजतो. गाडी थंड असताना, आणि चाक फिरवत जिथे सगळ्यात घट्ट लागेल तिथे. मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये. नवशिके चेनच्या सवयीने बेल्ट ताणून ठेवतात आणि बेअरिंग खातात.

बदलायचा झाला तर मात्र दिवसाचं काम. बेल्टला चेनसारखी जोडकडी नाही, अखंड वेटोळं. पुढची पुली एका बाजूला, मागची चाकाला, आणि मागचं चाक धरणारा स्विंगआर्मचा दांडा वाटेत. म्हणून मागचं चाक तर काढाच, स्विंगआर्मही सोडवा. वाटेत ठोकायला निघालेल्या गॅरेजवाल्याला देऊ नका.

आणि पार्सल आलं की आधी उघडून बघा. एका मित्राचा बेल्ट कोणीतरी छोट्या खोक्यात बसावा म्हणून घडी घालून पट्टीने बांधून पाठवला होता. साडीसारखी घडी! घडीच्या जागी आतले दोरे मोडतात, वरून काही दिसत नाही, आणि पाच-सहा हजारांत नेमका तिथेच तुटतो. आम्ही परत पाठवला. पुढच्या पुलीपेक्षा लहान वेटोळं करायचं नाही, उलटं तर वाकवायचंच नाही.

नवखा_स्वार · १६ जुलै, दुपारी ३.४०

उलटं वाकवायचं नाही? वर काका म्हणाले उलटा वाकवून चिरा बघ.

निवृत्त_पाना · १६ जुलै, संध्याकाळी ५.००

शाबास, वाचतोस नीट. मी मेलेल्या व्ही-बेल्टबद्दल बोललो. प्रेताला वाकवायला काय. ते म्हणतात तो कडक दोऱ्यांचा दातेरी बेल्ट, त्याला तसं करू नये. बरोबर आहे त्यांचं.

जाई_पेडणे · १८ जुलै, रात्री ८.१५

माझा प्रश्न जरा बाजूचा. इलेक्ट्रिक स्कूटर आहे, दीड वर्ष. रोज मोपाच्या बाजूने जाते-येते, डंपरची लाल धूळ खात. सकाळी पहिले दोन किलोमीटर मागून चिमणी ओरडल्यासारखा आवाज येतो. चिव चिव चिव, वेगाबरोबर वाढतो. विमानतळावर सोडायला नेलेल्या मावशी म्हणाल्या, ‘अगं पिल्लू अडकलंय का बघ.’ सर्व्हिसवाले दर वेळी काहीतरी फवारा मारून देतात, आठवडाभर गप्प, मग परत चिमणी.

दोन_सिलिंडर · १८ जुलै, रात्री १०.००

जाईताई, तुमच्या गाडीत मोटरपासून मागच्या चाकापर्यंत दातेरी बेल्ट असणार. एथर ४५०, रिव्होल्ट आरव्ही४०० मध्ये बेल्टच आहे. ओलाच्या पहिल्या पिढ्यांत बेल्ट होता, तिसऱ्या पिढीत चेन आली. टीव्हीएस आयक्यूबला मोटर चाकातच आहे, तिथे हा प्रश्नच नाही.

इलेक्ट्रिकला सुरुवातीलाच पूर्ण जोर मिळतो आणि रेस सोडली की मोटर उलटी ओढते, चार्जिंगसाठी. म्हणजे दातांच्या दोन्ही बाजूंना मार. त्यात बारीक धूळ बसली, किंवा पुल्या एका रेषेत नसल्या, की चिवचिवाट.

साध्या पाण्याची बाटली घ्या. स्टँडवर लावून, कोणीतरी अनुभवी माणूस बरोबर असताना, बेल्टवर थोडं पाणी उडवा, मग गाडी हळू चालवून बघा. आवाज गेला आणि सुकल्यावर परत आला तर बहुतेक धूळ किंवा रेषा. पाण्याने आवाज वाढला तर ताण कमी. कारच्या बेल्टवर ही जुनी परीक्षा आहे, तुमच्यावरही लागू पडावी. फिरत्या बेल्टजवळ हात, ओढणी, फडकं काही नेऊ नका.

जाई_पेडणे · २६ जुलै, संध्याकाळी ७.००

पाण्याने आवाज गेला, वीस मिनिटांत परत आला. सर्व्हिसवाल्यांना हे सांगितलं तर पहिल्यांदाच त्यांनी चाक सैल करून रेषा तपासली. चाक एका बाजूला किंचित तिरकं होतं, मार्चमध्ये पंक्चर काढलं तेव्हापासून असणार. चिमणी उडाली. धन्यवाद!

चोडणकर · ९ ऑगस्ट, रात्री ९.५०

धागा वर काढतोय. लाज वाटते पण सांगतो.

नवा बेल्ट टाकून ६४० किमी झाले. परवा आल्तिनचा चढ चढताना इंजिन एकदम ओरडायला लागलं, गाडी मात्र २० वर. सुटताना गचके देते. जळका वास. सपाटीवर ठीक. गॅरेजवाला म्हणतो बेल्ट चांगला होता, तू चालवतोस कसा. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो बाहेरून काम केलंस ना, मग बाहेरच जा. मी मधल्या मधे.

गरम_उंडो · ९ ऑगस्ट, रात्री १०.०५

पाण्यातून नेलीस का? गेल्या आठवड्यात अठरा जून रस्त्यावर गुडघाभर होतं. माझीही गाडी घसरत होती. पाणी गेलं की बेल्ट ओला होऊन फिरतो नुसता. घरी आणून तासभर उन्हात ठेवली, म्हणजे जे काय ऊन मिळालं त्यात, ठीक झाली.

रेंटचा_हिशोब · ९ ऑगस्ट, रात्री १०.३०

किंवा डुप्लिकेट बेल्ट. खोकं तेच, छपाई तीच, आत भलताच माल. म्हापशाच्या बाजारात उंडो पावसुद्धा डुप्लिकेट मिळेल एक दिवस.

निवृत्त_पाना · १० ऑगस्ट, सकाळी ६.१०

थांबा. एकेक वजा करू.

पाणी असेल तर सुकल्यावर जायला हवं. चोडणकर, दोन कोरडे दिवस गेल्यावरही होतंय का?

दुसरं, बसवण्याची चूक. ही मी शंभरदा बघितली आहे. बेल्ट बसवताना आधी मागच्या पुलीच्या ताटल्या हाताने उघडून बेल्ट तिथे खोल दाबायचा, म्हणजे पुढे तो सैल राहतो. मग पुढची ताटली घालून नट आवळायचा. घाईत हे केलं नाही तर बेल्ट पुढच्या दोन ताटल्यांमधे चेपतो, नट आवळल्यासारखा वाटतो पण तो बेल्टला दाबत असतो. गाडी सुरू झाली, बेल्ट सरकला, की नट सैल. त्यात एअर गनने टर्र करून आवळला असेल तर कोणाला काही कळतच नाही. ठरल्या जोरानेच आवळणारा टॉर्क पाना लावायला सांग. बेल्टवर बाणही असतो फिरण्याच्या दिशेचा, तो बघ.

तिसरं. इंजिन ऑइलची कांडी काढून बघ आणि मला सांग.

चोडणकर · १० ऑगस्ट, रात्री ८.३०

कोरडं असतानाही होतं. दुसऱ्या गॅरेजात कव्हर उघडलं. नट घट्ट होता, टॉर्क पान्याने तपासला. बाण बरोबर. बेल्ट खराच वाटतोय.

ऑइलची कांडी: खालच्या खुणेच्याही खाली. मे मध्ये भरलं होतं. धूर येत नाही, गाडीखाली थेंब पडत नाही.

आणि काका, नव्या बेल्टच्या कडांना हात लावला तर परत तसंच काळं, चिकट.

निवृत्त_पाना · १० ऑगस्ट, रात्री ८.५५

मीच चुकलो. १५ जुलैला तू लिहिलं होतंस, दोनदा साबण लावूनही जाईना, खोबरेल लावलं. साधी बेल्टची धूळ कोरडी असते, साबणाने जाते. जे तेलाशिवाय निघत नाही ते तेलच. मी चिरा ऐकल्या आणि पुढचं वाचलंच नाही. या वयात माणूस आपल्याच उत्तरावर खूश होतो.

ऑइल जळत नाही, सांडत नाही, तर बेल्टच्या कव्हरात जातंय. तिथे दोन जागा आहेत. पुढच्या पुलीच्या मागे क्रँकचं, म्हणजे इंजिनच्या मुख्य दांड्याचं, ऑइल सील, आणि मागे क्लचच्या पाठीमागे गिअरबॉक्सचं सील. तुझं इंजिन ऑइल कमी झालंय, म्हणजे पुढचं. पुढची पुली पूर्ण काढून मागची भिंत बघायला सांग. नुसतं पुसू देऊ नकोस. पुसून टाकलं म्हणूनच नवा बेल्टही गेला.

चोडणकर · ११ ऑगस्ट, रात्री ९.१५

पुली काढली. मागे सीलच्या भोवती ओला काळा चंद्र, आणि खाली केसिंगमध्ये चमचाभर ऑइल साचलेलं. पुली फिरते तसे त्याचे शिंतोडे भिंतीवर पंख्यासारखे उडालेले. सीलची कड नखाने दाबली तर प्लास्टिकसारखी कडक.

सील शंभर-सव्वाशेचं. सव्वाशेच्या सीलसाठी दोन बेल्ट गेले! हा दुसरा बेल्ट पेट्रोलने धुऊन चालेल का?

निवृत्त_पाना · ११ ऑगस्ट, रात्री ९.४०

नाही. ऑइल रबरात मुरतं, पेट्रोलने वरचं जातं आणि रबर आणखी खराब होतं. बेल्ट नवा. पुल्यांच्या ताटल्या ब्रेक क्लीनरने पुसून कोरड्या. क्लचचे शू बघ, गचके देते म्हणालास ना, तेही भिजले असणार. फार मुरलं असेल तर शूही नवे. क्लचची घंटा, म्हणजे शू जिला आतून घासतात ती वाटी, आतून निळी पडली असेल तर ती तापली आहे. बेल्ट लागतो तिथे ग्रीसचं बोटसुद्धा लावू देऊ नकोस. ग्रीस फक्त मॅन्युअल सांगेल तिथे, मागच्या पुलीच्या पिनांना वगैरे, तेही मोजून.

आणि ऑइल भरताना वरच्या खुणेच्या वर नको. ‘थोडं जास्त असलेलं बरं’ म्हणून ओततात लोक, जास्तीचं ऑइल वाट शोधतं.

रेंटचा_हिशोब · ११ ऑगस्ट, रात्री १०.१०

डुप्लिकेटचा आरोप मागे घेतो. उंडोचा नाही.

काका, उद्या माझ्या सगळ्या गाड्यांच्या कांड्या काढून बघतो. मी नव्या बेल्टची तारीख आणि किमी कव्हरच्या आत मार्करने लिहितो, तुम्हीही लिहा. बाहेर लिहिलं तर धुताना जातं.

नवखा_स्वार · १२ ऑगस्ट, सकाळी ८.००

मग मे मधल्या ‘चेक्ड ओके’चं काय?

चोडणकर · १२ ऑगस्ट, दुपारी १.३०

जॉब कार्ड घेऊन गेलो होतो. तिथल्या पोराने प्रामाणिकपणे सांगितलं, ‘दादा, कव्हर नाही उघडलं. गाडी रेस करून आवाज ऐकला.’ त्याच्यावर काय चिडणार. दिवसाला पंचवीस गाड्या त्याच्या पुढ्यात.

चोडणकर · चवथीच्या आदल्या दिवशी, रात्री ११.००

शेवटचं अपडेट. सील, बेल्ट, क्लच शू, रोलर, सगळं नवं. काकांनी सांगितल्याप्रमाणे मी समोर उभा राहून काम करून घेतलं, मागची पुली उघडून बेल्ट खोल दाबला तेव्हा फोटोही काढला. कव्हरच्या आत मार्करने तारीख आणि १९,८८६. आठवडाभराने कांडी बघितली, ऑइल जागच्या जागी.

आज गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सगळं सामान पणजीच्या बाजारातून आणलं. सुपारीचे घोस, तोरिंगण, नारळ, पुढे-मागे नुसती जत्रा. नेमकी ओहोटी. गाडी चोडणचा चढ एका दमात चढली, आवाजसुद्धा न करता.

बायको मागे नव्हती. फळी पडायच्या आधीच उतरली आणि छत्री घेऊन चालत वर गेली. वर गेल्यावर म्हणाली, ‘बेल्ट नवा आहे, ते ठाऊक आहे मला. चालवणारा तोच आहे ना?’

गरम_उंडो · चवथ, सकाळी ७.२०

+१ वहिनी. नेवऱ्या पाठवा.